पाकीट न फोडता : लेझर, ऑक्सिजन आणि पावाच्या नोंदी

४ जुलै

प्रकल्पाचा विषय ठरला. बंद पाकिटातल्या खाद्यपदार्थाची तपासणी, पाकीट न फोडता, लेझरने. नाव भारदस्त आहे, म्हणून पहिल्याच पानावर स्वतःला बजावून ठेवतो : आमचा लेझर पाव बघणार नाही. पाव शिळा आहे का, बुरशी धरली आहे का, यातलं त्याला काही कळणार नाही. त्याला कळेल ती पावाभोवतीची हवा, आणि त्या हवेतलाही फक्त ऑक्सिजन.

तेवढ्यावर भागतं. पाव, चीज, वेफर्स असे कितीतरी पदार्थ पाकिटात भरताना आतली हवा हुसकून तिथे नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड किंवा दोन्हींचं मिश्रण भरतात. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो. अशा पाकिटात तो एखाद्या टक्क्यावर आणायचा असतो. सील नीट बसलं नाही, फिल्मला बारीक भोक पडलं, की बाहेरचा ऑक्सिजन आत झिरपतो. मग बुरशीचं फावतं, तेल खवट होतं. पदार्थ बिघडायच्या आधी हवा बिघडते आणि तेवढ्या अवधीत आम्हाला पकडायचं आहे. (लाल मांसाचा प्रकार उलटा. रंग लालभडक राहावा म्हणून त्याच्या पाकिटात ७०-८० टक्के ऑक्सिजन मुद्दाम भरतात. ते पाकीट आम्ही घेणार नाही.)

सध्याची पद्धत सुईची. पाकिटावर रबराची चिकटचकती लावायची, तिच्यातून सुई खुपसायची, आतला गॅस थोडासा ओढून सेन्सरला द्यायचा. आकडा भरवशाचा मिळतो, पण पाकीट बाद. त्यामुळे अधूनमधून एखादं पाकीट तपासायचं आणि बाकीची त्याच्यासारखीच असतील असं धरून चालायचं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मोजणार काय, ते एका वाक्यात सांगा." मला तीन लागली.

९ जुलै

दिवसभर आकडेमोड.

ऑक्सिजन ७६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. फ्राउनहोफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांना अक्षरं दिली, त्यातली 'ए' ती हीच. रेषा सूर्याच्या प्रकाशात दिसली तरी ती पाडतो आपल्याच वातावरणातला ऑक्सिजन. सूर्याचा प्रकाश कित्येक किलोमीटर हवेतून येतो, म्हणून ती ठळक. आमच्या वाट्याला पाकिटातले ५ सेंटीमीटर.

आणि ऑक्सिजन इथे फार चेंगट. पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनी हे संक्रमण, म्हणजे प्रकाश गिळून रेणूने वरच्या ऊर्जापातळीवर मारलेली उडी, जवळजवळ निषिद्धच आहे, त्यामुळे शोषण अगदी क्षीण. साध्या हवेतून रेषेच्या बरोबर मध्यावर १ मीटर प्रकाश गेला तर सुमारे ३ टक्के गिळला जातो. ५ सेंटीमीटरला ०.१५ टक्के. पाकिटात ऑक्सिजन अर्धा टक्का असेल तर लाखातले साडेतीन भाग. डिटेक्टरवर एक लाख फोटॉन यायचे तिथे साडेतीन कमी आले, एवढं आम्हाला ओळखायचं आहे. प्रकल्पातल्या जोडीदाराने आकडा पाहिला, कॅल्क्युलेटर माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतः करून पाहिला. तेवढाच आला.

दिलासा एका गोष्टीचा. फिल्म, शाई, पाव हेही प्रकाश शोषतात आणि तोही भरपूर. पण घन आणि द्रव पदार्थांचं शोषण पसरट असतं, दहा-दहा नॅनोमीटरमध्ये हळूहळू चढणारं-उतरणारं. वायूची रेषा सुईसारखी. नेहमीच्या दाबाला ऑक्सिजनच्या एका रेषेची रुंदी साधारण ०.००६ नॅनोमीटर. लेझरचा रंग एवढ्याच पट्ट्यात इकडून तिकडे हलवला तर पावाला फरक कळतच नाही, ऑक्सिजनला कळतो. उंचसखल डोंगरउतारावर एक खिळा उभा ठोकलेला असावा तसं. उतार कितीही वेडावाकडा असो, खिळा वेगळा दिसतो.

ही युक्ती स्वीडनच्या लुंड विद्यापीठातली. सूने स्वानबेर्ग यांच्या गटाने २००१ मध्ये ती मांडली : धूसर, प्रकाश विखुरणाऱ्या पदार्थात अडकलेला वायू लेझरने ओळखायचा. लाकूड, फळं, माणसाच्या नाकाशेजारच्या पोकळ्या, नवजात बाळांची फुप्फुसं, असा तिचा प्रवास झाला. त्या मानाने आमचा पाव म्हणजे सोपा रुग्ण. निदान आज तरी तसं वाटतंय.

११ जुलै

लेझर आला. ३० मिलिवॅट, ७६० नॅनोमीटर, वर्ग ३ब, म्हणजे थेट डोळ्यात गेला तर इजा करणारा.

सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं आणि इथेही लिहितो. या रंगाला डोळा जवळजवळ आंधळा आहे. कागदावर पडलेला ठिपका विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद लाल दिसतो आणि 'एवढासाच तर आहे' असं वाटतं. एवढासा नाही. मंद दिसतो म्हणून पापणीही मिटत नाही. चष्मा न घालता खोलीत यायचं नाही, मनगटावरचं घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. चकचकीत पाकिटं शलाकेच्या वाटेत धरून कुणी गंमत करू नये, ही सूचना एका विशिष्ट व्यक्तीसाठी आहे आणि ती व्यक्ती ही वही वाचते.

१८ जुलै

चार दिवस रेषा सापडत नव्हती.

डायोड लेझरचा रंग दोन गोष्टींनी हलतो, तापमान आणि करंट. आमचा साधारण अंशाला ०.०६ नॅनोमीटर सरकतो. म्हणजे तापमान अंशाच्या दहाव्या हिश्शाने जरी चुकलं तरी आख्ख्या रेषेची रुंदी ओलांडून पुढे. आम्ही तापमान अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाढवत होतो. रुळावरून धावणाऱ्या गाडीतून एक विशिष्ट दगड शोधत होतो म्हणा ना.

आज मॅडमनी खुर्ची ओढली आणि नॉब हातात घेतला. करंट करवतीच्या दात्यासारखा वर-खाली ठेवून तापमान अंशाच्या शंभराव्या हिश्शाने वाढवत गेल्या. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे डिटेक्टरचा सिग्नल रेघेने दाखवणाऱ्या पडद्यावर, तिरकी रेघ होती, तशीच राहिली. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग रेघेच्या उजव्या टोकाला एक खळी पडल्यासारखं झालं. आधी मला वाटलं स्क्रीनवर डाग आहे, मी बोटाने पुसायला गेलो. मॅडमनी नॉब आणखी किंचित फिरवला आणि डाग डावीकडे सरकला.

प्रकाशाच्या वाटेत अडीच मीटर हवा होती, म्हणून दिसली तरी. पाकिटाएवढ्या अंतरात नुसत्या डोळ्यांनी काही दिसायचं नाही.

२५ जुलै

खळी थेट बघायची नाही, तिला हलवून बघायची. करंटच्या संथ चढउतारावर १० किलोहर्ट्झचं बारीक कंपन चढवलं. लेझरचा रंग रेषेच्या आजूबाजूला थरथरतो. रेषेच्या मध्याशी तो थरथरला की डिटेक्टरवर दुप्पट वारंवारतेचा, २० किलोहर्ट्झचा सूर निघतो. लॉक-इन अँप्लिफायर फक्त तो सूर ऐकतो. दिव्यांचा गुणगुणाट, शाईचा उतार, लेझरचा स्वतःचा चढउतार, सगळं बाहेर. कंपन किती मोठं ठेवायचं याचाही हिशोब आहे : रेषेच्या अर्ध्या रुंदीच्या २.२ पट ठेवलं की हा सूर सर्वांत मोठा.

आता मधे एक उंच शिखर आणि दोन्ही बाजूंना खड्डे असा सुबक आकार दिसतो. त्याची उंची म्हणजे ऑक्सिजन.

आम्ही ती टक्क्यांत न लिहिता 'हवेच्या मिलिमीटर'मध्ये लिहितो. म्हणजे तेवढंच शोषण व्हायला साध्या हवेतून किती अंतर जावं लागलं असतं. आज दहा सेकंद मोजून २ मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. ५ सेंटीमीटरच्या पाकिटात हे ०.८ टक्का होतात. काठावर पास.

२ ऑगस्ट

शुद्ध नायट्रोजन भरलेलं रिकामं पाकीट लावलं. आकडा शून्य यायला हवा होता. आला ६.३ टक्के.

पाकीट बदललं. ६.३. सिलिंडर बदलला. ६.३. जोडीदार म्हणाला, "पाकीट गळतंय." तीन पाकिटं एकसारखी, दशांशापर्यंत सारखी कशी गळतील? मग त्याला सुचलं, पाकीटच काढून टाकू. काढलं, डिटेक्टर लेझरच्या नाकाला टेकवला. सिग्नल जवळपास तेवढाच.

आमच्या यंत्रातच हवा आहे. आणि तिचं वजन फार मोठं आहे : बाहेरच्या हवेचा १ सेंटीमीटर म्हणजे १ टक्का ऑक्सिजनवाल्या पाकिटाचे २१ सेंटीमीटर. आम्ही हवेत उभे राहून हवा मोजतोय.

किती हवा लपली आहे ते शोधायला डिटेक्टर पट्टीवर ठेवून ०, १०, २०, ३० सेंटीमीटरवर सरकवला. प्रत्येक ठिकाणी पाच रीडिंग. आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली, पारदर्शक पट्टी टेकवून रेघ ओढली आणि ती मागे, शून्याच्याही मागे वाढवली. आडव्या अक्षाला ती उणे १.५ सेंटीमीटरला जाऊन मिळाली. हा दीड सेंटीमीटर पट्टीवर कुठेच नाही. भिंग आणि लेझर यांच्यामध्ये जवळपास १ सेंटीमीटर पोकळी आहे, उरलेला डिटेक्टरच्या काचेमागे. १.५ भागिले ५, गुणिले २०.९५. सहा पूर्णांक तीन.

हिशोब इतका चोख बसला की चिडताही येईना.

६ ऑगस्ट

वर्कशॉपमधल्या काकांनी लेझर आणि डिटेक्टर दोघांसाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या करून दिल्या, बाजूला गॅसचं बारीक तोंड. त्यातून सतत नायट्रोजन सोडायचा. नळीचं टोक पाकिटाला टेकतं तिथे मऊ स्पंजची कडी. लपलेली हवा दीड सेंटीमीटरवरून दीड मिलिमीटरवर आली. उरलेली वजा करतो.

काकांनी विचारलं, "यात भरता काय?" नायट्रोजन म्हटल्यावर, "म्हणजे पाकिटात जे भरलंय तेच बाहेरही." हो. काकांना एक वाक्य पुरलं.

१३ ऑगस्ट

नवं भूत. पाकिटाला हात लागला, टेबलाला धक्का लागला, कुणी दार लावलं, की शिखराचा आकार बदलतो. ऑक्सिजन तर तोच आहे.

कारण कळायला दोन दिवस गेले आणि कळल्यावर हसू आलं. पारदर्शक फिल्मच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये प्रकाश पुढे-मागे आपटतो आणि स्वतःशीच व्यतिकरण करतो, म्हणजे त्याच्या लाटा एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात. त्यामुळे रंग हलवला की तीव्रतेत लाटा येतात. दोन भिंतींत ५ सेंटीमीटर अंतर असेल तर एका लाटेपासून दुसरीपर्यंतचं अंतर ३ गिगाहर्ट्झ. आणि ऑक्सिजनच्या रेषेची रुंदी? ते ०.००६ नॅनोमीटर वारंवारतेत मोजले तर तीही साधारण ३ गिगाहर्ट्झ. पाकीटच ऑक्सिजनचं सोंग घेतंय! लॉक-इनला दोन्ही सारखेच.

पाकीट तिरकं धरलं, थोडं कमी झालं. मग जोडीदाराने जुन्या मोबाईलमधली व्हायब्रेशनची मोटर काढून पाकिटाच्या स्टँडला चिकटवली. मोटर घुरघुरते, भिंती हलतात, लाटा सेकंदात कितीतरी वेळा इकडून तिकडे धावतात आणि सरासरीत पुसल्या जातात. ऑक्सिजनची रेषा जागची हलत नाही, कारण ती भिंतींवर अवलंबूनच नाही. कळणारा फरक २ मिलिमीटरवरून ०.८ वर आला. ५ सेंटीमीटरला हे ०.३ टक्का.

सगळ्या यंत्रात आजवर लागलेला सर्वांत स्वस्त भाग हाच. मोटर चालू असताना टेबलावर चहा ठेवू नये, कप चालत चालत कडेला येतो.

२१ ऑगस्ट

आत्तापर्यंत पाकीट ५ सेंटीमीटर जाड आहे असं धरून चाललो. खऱ्या पाकिटाला हे कोण सांगणार? एक फुगलेलं, एक बसकं. शिवाय फिल्म दुधाळ असेल तर प्रकाश सरळ जातच नाही, भिंतींना आपटत, पावाच्या कडेला शिवत, कुठून कुठून हिंडून बाहेर येतो. मोजलेला सिग्नल म्हणजे टक्केवारी गुणिले वाट. वाट माहीत नसेल तर टक्केवारी सांगताच येत नाही.

लुंडच्या मंडळींची यावरची तोड वाचली आणि आवडली : पाण्याच्या वाफेला साक्षीदार करायचं. ओल्या पदार्थाच्या बंद पाकिटात वाफ जवळजवळ संपृक्त, म्हणजे मावेल तेवढी भरलेली असते, आणि संपृक्त वाफ किती हे फक्त तापमानावर ठरतं. २२ अंशाला २.६ किलोपास्कल, मग पाकीट कुणाचंही असो. म्हणून ९३५ नॅनोमीटरच्या आसपास दुसरा लेझर लावून वाफेची रेषा मोजायची. वाफ किती ते माहीत, सिग्नल मोजला, वाट निघाली. तीच वाट ऑक्सिजनला लावायची. दोन रंगांचं विखुरणं तंतोतंत सारखं नसतं, तरी डोळे मिटून पाच धरण्यापेक्षा बरं.

वेफर्सला हे चालणार नाही. कोरडा पदार्थ, कोरडा गॅस, साक्षीदारच गैरहजर.

२९ ऑगस्ट

आज सकाळी तासभर आम्हाला वाटलं की सगळा साठा वाया गेला.

काल भरलेली बारा पाकिटं. काल संध्याकाळी सगळी १.१ टक्क्याच्या आसपास. आज पहिलं लावलं, ३.३. दुसरं, ३.२. तिसरं, ३.४. सील करायच्या मशीनला दोष देऊन झाला, फिल्मला देऊन झाला, मग एकमेकांना. तेवढ्यात पहिलं पाकीट सहज पुन्हा लावलं तर २.१. दहा मिनिटांनी १.६. पाकीट आपलं आपण बरं होत होतं!

रात्री कुणीतरी काळजीने ती फ्रिजमध्ये ठेवली होती. ५ अंशाला संपृक्त वाफेचा दाब ०.८७ किलोपास्कल, २२ अंशाच्या एकतृतीयांश. प्रोग्रॅमला वाटलं खोलीचं तापमान आहे. वाफ कमी दिसली, म्हणून त्याने वाट एकतृतीयांश धरली, म्हणून ऑक्सिजन तिप्पट. पाकीट कोमट होत गेलं तसा आकडा उतरत गेला. वर बाहेरून दव धरलेलं, तेही कुणी पुसलं नाही.

तापमानाचा सेन्सर आता खोलीत नाही, पाकिटाच्या पोटाला टेकलेला असतो. फ्रिजमध्ये ठेवणारी व्यक्ती मीच होतो.

५ सप्टेंबर

कुठली पाकिटं चालतात ते एका बैठकीत पाहिलं. पारदर्शक, दुधाळ, रंगीत छपाईची : चालतात. पांढरी शाई प्रकाश विखुरते पण जाऊ देते. काळा ट्रे : बंद. काजळी घातलेलं प्लास्टिक सगळं गिळतं. वरच्या झाकणफिल्ममधून तिरका प्रकाश घालून बघता येईल. अॅल्युमिनियमचा थर असलेला दुधाचा खोका : विचारही नको. चकाकी असलेलं वेफर्सचं पाकीट : धातूचा मुलामा फक्त काही दशक नॅनोमीटरचा, तरी एका थरातून शंभरातला एक भागही धड पार होत नाही, आणि थर दोन ओलांडायचे. दहा हजारातला एक भाग उरला असेल. तो आमच्या डिटेक्टरला दिसला, पण त्याच्यावरची लाखातली साडेतीनची नोंद काढणं म्हणजे वादळात कुजबुज ऐकणं.

१४ सप्टेंबर

आता खरी परीक्षा, गळती. पावाची सहा पाकिटं भरली. तिघांना ०.१ मिलिमीटर जाडीच्या तारेने एकेक भोक पाडलं आणि भोक सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. तिघं तशीच धडधाकट, तुलनेसाठी. सगळी २२ अंशाला.

आधी कागदावर भाकीत केलं. फिल्म ६० मायक्रॉन जाड, पाकिटातली मोकळी जागा २०० मिलिलिटर, विसरणाने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरत, ऑक्सिजन आत शिरतो. पहिल्या तासात अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, २४ तासांत ८ टक्के. मी आठावर पैज लावली.

१५ सप्टेंबर

भोकवाली : ४.६, ४.४, ४.७.

सुरुवातीचा १.१ वजा केला तर वाढ साडेतीनचीच. आणि धडधाकट तिघांतही १.१ चे १.७ झालेत. म्हणजे भोक पडलेली हवी त्यापेक्षा कमी गळतात आणि न पडलेली गळायला नको असताना गळतात. पैज हरलो, वर काही समजलंही नाही.

१६ सप्टेंबर

उत्तर पावात होतं, अक्षरशः. मॅडमनी पावाची एक चकती खिडकीसमोर धरली आणि म्हणाल्या, "यात पाव किती आणि हवा किती?" जाळीच जाळी. पावाच्या आकारमानाचा बराच मोठा भाग गॅसच असतो.

म्हणजे पाकिटाची मोकळी जागा २०० मिलिलिटर नव्हेच. पावाच्या छिद्रांतली सुमारे ३५० त्यात मिळवली तर ५५०. भोकातून तेवढाच ऑक्सिजन येतो, पण पसरायला तिपटीच्या जवळ जागा. पुन्हा हिशोब केला : २४ तासांत ३.४ टक्के वाढ. मोजलेल्याला लागून.

धडधाकट पाकिटांचं कोडंही याच जाळीत. भरताना नायट्रोजनने बाहेरची हवा हुसकली, छिद्रांच्या आतली तशीच अडकून राहिली. सील झाल्यावर ती सावकाश बाहेर येते. पाव आपला जुना श्वास सोडतोय. ही वाढ काही तासांनी थांबायला हवी. गळतीची थांबत नाही. तेव्हा एका आकड्यावर निवाडा करायचा नाही, दोन वेळा मोजायचं. सुईने हे करताच आलं नसतं : एकदा टोचलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायला तेच पाकीट उरत नाही.

२६ सप्टेंबर

सुईच्या यंत्राशी गाठ घातली. आधी लेझर, लगेच सुई. वीस पाकिटांपैकी अठरा ठिकाणी फरक ०.४ टक्क्याच्या आत. दोन ठिकाणी सुईचा आकडा बराच जास्त. दोन्ही बसकी पाकिटं, आत गॅस कमी. सुईने ओढताना चकतीच्या कडेने बाहेरची हवा आत आली असावी असं आम्ही म्हणतो. सुईवाले अर्थातच उलटं म्हणतील.

२ ऑक्टोबर

मॅडमनी एक प्रश्न टाकला आहे आणि तो मला झोपू देत नाही. पाकीट गळतंय, पण आतले जिवाणू आणि बुरशी आलेला ऑक्सिजन आल्या आल्या खातायत. मग? लेझर म्हणेल ऑक्सिजन कमी, पाकीट छान. सर्वांत बिघडलेलं पाकीट सर्वांत चांगल्या गुणांनी पास.

कापलेल्या भाज्यांचं तर आणखी अवघड. त्या जिवंत असतात, श्वास घेतात; त्यांच्या पाकिटात ऑक्सिजन थोडा ठेवावाच लागतो, पार संपला तर आंबूस वास सुटतो. तिथे कमी आकडा हीच तक्रार.

ऑक्सिजन खाल्ला गेला तर कार्बन डायऑक्साइड वाढतो, तेव्हा तोही मोजायला हवा. त्याची सोयीची रेषा २ मायक्रॉनच्या आसपास. वेगळा लेझर, वेगळा डिटेक्टर, आणि तिथे द्रव पाणी प्रकाश भसाभस पितं, म्हणजे पावाला न शिवता नुसत्या मोकळ्या जागेतूनच नेम धरावा लागेल. या प्रकल्पात बसणार नाही. पण अहवालात पहिल्या पानावर लिहायचं, शेवटच्या नाही. यावर जोडीदाराचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणतो पहिल्या पानावर स्वतःची चूक कोण लिहितं.

९ ऑक्टोबर

वेगाचा विषय निघाला. आम्हाला एका पाकिटाला दहा सेकंद लागतात. पट्ट्यावरून धावणाऱ्या मालाला एवढा वेळ कुणी देणार नाही. एका सेकंदात मोजलं तर गोंगाट तिपटीहून थोडा वाढतो, वर्गमुळाचा नियम. ०.३ चा जवळपास १ टक्का होतो. साध्या हवेने भरलेलं किंवा सील उघडंच राहिलेलं पाकीट तेवढ्यातही पकडता येईल. बारीक भोकाचं नाही. त्याला वेळच द्यावा लागतो, कारण त्याचा ऑक्सिजनच अजून आत यायचा असतो.

१७ ऑक्टोबर

धडधाकट पाकीट क्रमांक ५. गेल्या महिन्यापासून कपाटात आहे, रोज एकदा मोजतो. ४ आणि ६ दोघं दुसऱ्या दिवसापासून १.८-१.९ वर थांबलेत, पावाचा श्वास सोडून झाला. ५ थांबलं नाही. २.२, २.५, २.९, रोज थोडंथोडं, आज ९.८. बाहेरून काही दिसत नाही. पाण्यात बुडवून दाबलं, एकही बुडबुडा आला नाही.

जोडीदार म्हणाला, "फोडायचं?" तीन महिन्यांत न फोडता मोजण्यासाठी एवढा खटाटोप, आणि पहिलं पाकीट फोडायला हात धजेना. शेवटी मॅडमनी कात्री घेतली. आतून सीलच्या कडेने लाल शाईचे थेंब सोडले आणि पाकीट उभं धरलं.

पाच मिनिटं काही नाही. मग सीलच्या डाव्या कोपऱ्याजवळ केसाएवढी लाल रेघ फिल्मच्या दोन थरांमधून बाहेर आली. भिंगाखाली पाहिलं. सील दाबताना मधे पावाचा एक कण अडकलेला, मोहरीहूनही लहान.

कण चिकटपट्टीने याच पानावर लावला आहे. खाली तारीख आणि ९.८ लिहिलंय.